इंग्रजी बोलण्यातली लय मराठी माध्यमाच्या विद्यार्थ्यांना तालाच्या आधारे कशी शिकवावी?

लयसंवाद (नागपूर)

नागपुरात मानेवाडा, नंदनवन, सक्करदरा या भागांत इंग्रजी संभाषणाचे वर्ग मोठ्या संख्येने चालतात आणि अशाच एका वर्गात मी शिकवतो. माझ्याकडे येणारी बहुतेक मुले-मुली मराठी माध्यमातून बारावी झालेली आणि काटोल, उमरेड, सावनेर, रामटेककडून शिक्षणासाठी शहरात आलेली असतात. राज्यातल्या मराठी शाळांत २००० सालापासून इंग्रजी पहिलीपासूनच शिकवले जाते, त्यामुळे या मुलांचे व्याकरण बऱ्यापैकी असते आणि शब्दसंग्रहही कामापुरता असतो. तरीही मिहानमधल्या एखाद्या कंपनीच्या मुलाखतीत परदेशी व्यक्तीशी बोलायची वेळ आली की समोरून 'पुन्हा सांगा' असे येते. मग विद्यार्थी तेच वाक्य अधिक मोठ्याने आणि प्रत्येक अक्षर सुटे करून सांगतो, आणि ते आधीपेक्षा अधिक दुर्बोध होते. येथे अडचण सुट्या उच्चारांची कमी आणि लयीची जास्त आहे, असे माझे ठाम मत आहे.

मराठीत अक्षराची लांबी त्या अक्षराच्या ठायीच असते. ऱ्हस्व ते ऱ्हस्व आणि दीर्घ ते दीर्घ. लघूची एक मात्रा आणि गुरूच्या दोन, हा हिशेब आपण श्लोक पाठ करताना नकळत शिकलेलो असतो. इंग्रजीत मात्र अक्षर लांबणार की आखडणार, हे बरेचसे आघातावर ठरते. नाम, मुख्य क्रियापद, विशेषण अशा अर्थ वाहणाऱ्या शब्दांवर आघात पडतो आणि 'द', 'ऑफ', 'टू', 'हॅव' यांसारखे शब्द त्या आघातांच्या मधल्या जागेत दाटीवाटीने बसवले जातात. केनेथ पाइक या अमेरिकी भाषाशास्त्रज्ञाने १९४५मध्ये आघातांच्या अंतरावर चालणारी लय आणि अक्षरांच्या अंतरावर चालणारी लय असा भेद मांडला होता. त्या भेदाविषयी पुढे वाद झाले, पण वर्गात सुरुवात करायला तो अजूनही उपयोगी पडतो.

आता संगीताकडे येतो. कॅरोलिन ग्रॅहम या रॅगटाइम पियानो वाजवत असत आणि न्यूयॉर्क विद्यापीठात परदेशी विद्यार्थ्यांना इंग्रजी शिकवत असत. त्यांनी १९७८मध्ये 'जॅझ चँट्स' हे पुस्तक प्रसिद्ध केले. नेहमीच्या बोलण्यातली वाक्ये जॅझच्या ठेक्यावर, चाल न लावता, प्रश्नोत्तरांच्या स्वरूपात म्हणवून घ्यायची, ही त्यांची पद्धत आहे. ती मी वर्गात वापरली, परंतु जॅझचा ठेका आमच्या मुलांच्या कानात नसल्यामुळे त्यांचे निम्मे लक्ष ठेका सांभाळण्यातच जाते. याउलट विदर्भातल्या बहुतेक गावांत राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची खंजिरी भजने ऐकतच मुले वाढतात. ठेका त्यांच्या हातात आधीपासून आहे. मग इंग्रजी वाक्ये त्याच ठेक्यावर का म्हणू नयेत?

मी पुढील चार ओळी वापरतो. प्रत्येक ओळीत टाळी तीनदाच पडते, 'गर्ल्स', 'रीड' आणि 'बुक्स' या शब्दांवर:

गर्ल्स । रीड । बुक्स
द गर्ल्स विल । रीड द । बुक्स
द गर्ल्स विल बी । रीडिंग द । बुक्स
द गर्ल्स शुड हॅव बीन । रीडिंग द । बुक्स

पहिल्या टाळीच्या मात्रेत अनुक्रमे एक, दोन, तीन आणि चार अक्षरे येतात, म्हणजे ठाय, दुगुन, तिगुन आणि चौगुन. ओळीच्या सुरुवातीचा 'द' टाळीच्या आधीच निसटता म्हणून घ्यायचा. चौथ्या ओळीत 'शुड हॅव बीन' हे पुस्तकी उच्चारात म्हटले तर मात्रेत मावतच नाही आणि 'शडव्‌बिन' असे आखडावेच लागते. 'हा शब्द हलका म्हण' असे शंभर वेळा सांगून जे साधत नाही, ते टाळी करून घेते.

या पद्धतीच्या मर्यादा कोणत्या, गाणी वापरावीत की नुसता ठेका, आणि हा सराव प्रत्यक्ष संभाषणात कसा उतरवावा, यावर जाणकारांनी लिहावे, ही विनंती.

ठेका_धरमपेठ

मी तबला शिकवतो. इंग्रजीवर मी अधिकाराने बोलू शकत नाही, पण आपण जे करत आहात त्याला आमच्याकडे पढंत म्हणतात आणि तिचे काही नियम येथे उपयोगी पडतील.

पढंतीत हाताने टाळी आणि खाली (टाळी न देता दाखवायची मात्रा) दाखवत बोल तोंडाने म्हणायचे असतात आणि ते पक्के झाल्यावरच हात तबल्यावर जातो. त्यामुळे विद्यार्थ्यांकडून आधी शब्द म्हणवून घेऊच नयेत. एका मात्रेत 'धा', मग 'धागे', मग 'धागेन', मग 'तिरकिट' असे म्हणवून घ्यावे आणि त्याच जागी इंग्रजी शब्द ठेवावेत. 'तिरकिट' म्हणताना चारही अक्षरे सारख्या वजनाची नसतात. 'ति'वर किंचित ठाशीवपणा येतो आणि उरलेली तीन जिभेच्या टोकावरून सरकून जातात. 'गर्ल्स शुड हॅव बीन' याला हेच वजन हवे. फरक एवढाच की इंग्रजीतले पहिले अक्षर तबल्याच्या बोलापेक्षा कितीतरी अधिक जड असते आणि मागची तीन अधिक पुसट असतात. तो फरक कानाने दाखवून द्यावा लागेल, नाही तर मुले चारही अक्षरे समान अंतरावर ठोकतील.

दुसरी गोष्ट लयीची. अक्षरे वाढली की नवशिका विद्यार्थी लय ओढतो किंवा घाईने पुढे पळतो. म्हणून वर्गाचे दोन गट करावेत. एका गटाने केवळ टाळी धरावी आणि दुसऱ्याने बोलावे. जो बोलतो त्यालाच ठेका धरायला सांगितले तर हात तोंडाच्या मागे जातो आणि प्रत्येक अक्षरावर टाळी पडू लागते. खंजिरीच्या बाबतीत हा धोका मोठा आहे, कारण तिच्या झांजा सतत वाजत राहतात. पहिले काही दिवस खंजिरी बाजूला ठेवून हातावरच ताल धरावा, असे मी सुचवेन.

ताल कोणता, हाही विचार करण्यासारखा आहे. आपल्या ओळींत तीन आघात आहेत आणि त्यानंतर एका मात्रेची विश्रांती येते. ही चौथी मात्रा रिकामी ठेवायला शिकवावे. त्यामुळे दोन ओळी केरव्याच्या आठ मात्रांत चपखल बसतात आणि वाक्य संपल्यावर श्वास घ्यायची जागाही मिळते. सहा मात्रांचा दादरा मुलांना आवडेल, पण त्यात ती विश्रांती राहत नाही आणि वाक्ये एकमेकांना चिकटतात.

ध्वनिविचार

धागा आवडला. एका बाबतीत मात्र सावधपणे पाऊल टाकायला हवे.

इंग्रजीतले आघात सारख्या अंतराने येतात, ही समजूत घड्याळ लावून तपासली असता टिकत नाही. डेव्हिड ॲबरक्रॉम्बी यांनी १९६७मध्ये जगातल्या भाषांची दोन लयगटांत विभागणी केली आणि आपल्या शेजारची तेलुगू अक्षरांच्या लयीवर चालणाऱ्या गटात ठेवली. पुढे पीटर रोच यांनी १९८२मध्ये आणि रेबेका डॉअर यांनी १९८३मध्ये प्रत्यक्ष बोलणे मोजून पाहिले, तेव्हा आघातांमधली अंतरे इंग्रजीतही मधल्या अक्षरांच्या संख्येनुसार वाढत असल्याचे दिसले. डॉअर यांचे म्हणणे असे की कानाला जाणवणारा फरक अक्षरांच्या रचनेतून आणि आघात नसलेल्या स्वरांच्या आखडण्यातून येतो. म्हणून टाळी ही शिकवण्याची सोय आहे, इंग्रजी भाषेचा नियम नव्हे. आयुष्यभर टाळीवर इंग्रजी बोलणारा मनुष्य विचित्रच वाटेल. पण आखडलेला स्वर अंगवळणी पडेपर्यंत टाळीसारखे साधन दुसरे नाही, हे मला पूर्ण मान्य आहे.

गाणी की ठेका, या प्रश्नावर माझे उत्तर स्पष्टपणे ठेका असे आहे. गाण्यात चाल शब्दावर स्वार होते. जे अक्षर बोलण्यात पुसट असते, त्यावर संगीतकार लांब स्वर ठेवू शकतो. मग गायकाला ते पूर्ण उच्चारावे लागते आणि विद्यार्थी नेमके तेच उचलतो. स्वरांची चढ-उतारही चालीची असते, वाक्याची नसते. भाषेची लय संगीतात अजिबात उतरत नाही, असे मात्र म्हणता येणार नाही. अनिरुद्ध पटेल आणि जोसेफ डॅनिएले यांनी २००३मध्ये इंग्रज आणि फ्रेंच संगीतकारांच्या वाद्यसंगीतातल्या स्वरावली तपासल्या, तेव्हा शेजारच्या स्वरांच्या लांबीतली तफावत इंग्रज संगीतकारांत अधिक आढळली. लांब-आखूड यांचा हा खेळ इंग्रजी बोलण्यातही आहे. तरीही ही सरासरीची गोष्ट झाली आणि एखादे गाणे निवडून त्यावरून उच्चार शिकवायला तिचा आधार पुरत नाही.

आता एक दिलासा. ज्या पुसट स्वरासाठी जपानी किंवा स्पॅनिश विद्यार्थ्याला झगडावे लागते, त्याच्या अगदी जवळचा स्वर मराठी मुलाच्या तोंडात जन्मापासून आहे. 'कमळ' म्हणताना 'क' आणि 'म' यांच्यात जो अ येतो, तो फारच थोड्या फरकाने इंग्रजीचा पुसट स्वर आहे. अडथळा असतो तो लेखनाचा. मुलांनी 'ऑफ', 'फ्रॉम', 'फॉर', 'टू' हे शब्द डोळ्यांनी शिकलेले असतात. म्हणून सरावाच्या ओळी देवनागरीत आणि ऐकू येतात तशा लिहून द्याव्यात: 'अ कप अव्‌ टी', 'फ्रम नागपूर ट पुणे', 'वेट फ मी'. देवनागरीत इंग्रजी लिहिण्याला अनेक शिक्षक कमीपणा मानतात. या एका कामासाठी मात्र रोमन लिपीपेक्षा आपली लिपी अधिक प्रामाणिक आहे.

वैनगंगा

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. वरील चर्चा अभ्यासपूर्ण आहे, पण मूळ प्रश्न मला वेगळाच वाटतो. आपल्या मुलांनी इंग्रजांच्या लयीत का बोलावे? भारतीय इंग्रजीला स्वतःची लय आहे आणि नागपूरचा माणूस हैदराबाद, कोलकाता किंवा सिंगापूरच्या माणसाशी याच लयीत निर्वेध व्यवहार करतो. जेनिफर जेंकिन्स यांनी २००० साली आंतरराष्ट्रीय व्यवहारातल्या इंग्रजीसाठी आवश्यक उच्चारांचा जो गाभा मांडला, त्यात त्यांनी आघातांची लय आणि शब्दांची पुसट रूपे आवश्यक मानलेली नाहीत. ज्या मुलीने घरात इंग्रजीचा एक शब्द ऐकलेला नाही, ती स्वतःच्या हिमतीवर इंग्रजी वाक्य उच्चारते, तेव्हा 'तुझी लय चुकली' हे वाक्य तिला पुन्हा गप्प बसवू शकते. मला या गोष्टीची फार काळजी वाटते आणि या धाग्यावर तिचा विचार व्हावा असे वाटते.

लयसंवाद (नागपूर)

वैनगंगाताई, आपली काळजी अगदी रास्त आहे आणि माझ्या वर्गात 'चुकली' हा शब्द लयीच्या बाबतीत वापरायचा नाही, असा नियम आहे. कोणाची नक्कल करणे हा उद्देश नसावा, हेही मान्य. तरीही दोन कारणांसाठी मी हा सराव सोडणार नाही.

पहिले कारण ऐकण्याचे आहे. ॲन कटलर आणि डेनिस नॉरिस यांनी १९८८मध्ये दाखवून दिले की इंग्रजी ऐकणारा मनुष्य ठळक अक्षर आले की तेथे नवा शब्द सुरू झाला असे धरून चालतो. आपल्या मुलांना ही खूण ठाऊक नसते. ती प्रत्येक अक्षराची वाट पाहतात आणि पुसट शब्द ऐकूच येत नाहीत म्हणून घाबरतात. जे शब्द त्यांनी स्वतः एकदा मात्रेत आखडून म्हटलेले असतात, ते मग त्यांना ऐकूही येऊ लागतात. हा फायदा मला बोलण्यातल्या सुधारणेपेक्षा मोठा वाटतो.

दुसरे कारण उदाहरणाने सांगतो. 'आय कॅन हेल्प यू' या वाक्यात 'कॅन' पूर्ण आणि ठसठशीत म्हटले, तर अमेरिकी ग्राहकाला तेथे नकार ऐकू येण्याची शक्यता असते. त्यांच्या बोलण्यात 'कॅन्ट'मधला शेवटचा 'ट' बहुधा फुटत नाही. होकार की नकार, हे ते स्वर पुसट आहे की पूर्ण, यावरून ओळखतात. 'आय कन हेल्प' म्हणजे मदत करू शकतो आणि 'आय कॅन हेल्प' म्हणजे कदाचित करू शकत नाही. ग्राहकसेवेच्या नोकरीसाठी तयारी करणाऱ्या मुलाला ही गोष्ट न सांगणे मला अन्यायाचे वाटते.

शब्दांतर्गत आघाताविषयीही एक नोंद करतो. हैदराबादच्या केंद्रीय इंग्रजी संस्थेत आर. के. बन्सल यांनी भारतीयांचे इंग्रजी परक्या श्रोत्यांना कितपत कळते, याचा अभ्यास केला होता आणि तो १९६९मध्ये प्रसिद्ध झाला. न कळण्याच्या प्रमुख कारणांत शब्दावरचा आघात भलत्या अक्षरावर पडणे, हे कारण त्यात आढळले. 'फोटग्राफ'मध्ये पहिल्या अक्षरावर, 'फटॉग्रफी'मध्ये दुसऱ्यावर आणि 'फोटग्रॅफिक'मध्ये तिसऱ्यावर पडणारा आघात याच टाळीने शिकवता येतो आणि मुलांना तो खेळासारखा वाटतो.

शब्दवेध_महाल

मी मराठीची शिक्षिका आहे आणि हा धागा वाचताना मला सारखे जाणवत होते की वाक्यातल्या मुख्य आघाताविषयी अजून कोणीच लिहिलेले नाही. वैनगंगाताईंनी उल्लेखलेल्या जेंकिन्स यांनीही हा आघात मात्र आवश्यक गाभ्यात ठेवलेला आहे. तो शिकवण्यासाठी मराठीजवळ एक नेमके साधन आहे आणि ते म्हणजे 'च'.

'मीच पुस्तक आणले', 'मी पुस्तकच आणले' आणि 'मी पुस्तक आणलेच' ही तीन वाक्ये घ्या. मराठीत आपण शब्दाला 'च' जोडतो किंवा शब्दांची जागा बदलतो. आवाज फारसा वाढवावा लागत नाही. इंग्रजीत 'आय ब्रॉट द बुक' हे वाक्य तसेच राहते आणि आघात 'आय'वरून 'बुक'वर सरकतो. तिसऱ्या वाक्यासाठी बहुधा 'डिड' हा शब्द घेऊन त्यावर आघात द्यावा लागतो. म्हणून विद्यार्थ्याला 'आघात कुठे देशील?' असे विचारू नये, 'मराठीत च कुठे लावशील?' असे विचारावे. पाचवीतली मुलगीसुद्धा या प्रश्नाचे अचूक उत्तर देते आणि तेच उत्तर तिच्या आवाजात उतरते.

अर्थात जेथे 'च' लागत नाही अशा साध्या वाक्यांचे काय, हा प्रश्न उरतो. तेथे मुख्य आघात सहसा शेवटच्या अर्थवाही शब्दावर जातो. हे आधी पक्के करावे आणि 'च'चा खेळ त्यानंतर घ्यावा, नाही तर मुले प्रत्येक वाक्य भांडल्यासारखे बोलू लागतील.

ठेका_धरमपेठ

शब्दवेधताईंचे म्हणणे तालाच्या भाषेतही लगेच बसते. तिहाई, म्हणजे एकच तुकडा तीनदा म्हणणे, ही सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, गाठण्यासाठीच असते आणि तिचा शेवटचा 'धा' समेवर पडतो. ओळीतला शेवटचा अर्थवाही शब्द समेवर येईल अशा बेताने वाक्य उचलायला शिकवले, तर मुख्य आघात वेगळा शिकवावाच लागणार नाही. एकच वाक्य तीनदा म्हणून तिसऱ्या वेळी समेवर यायचे, असा सराव मी स्वतः आपल्या वर्गात घेऊन पाहायला तयार आहे.

बुटीबोरी_१

मी ग्राहकसेवेत काम करतो. लयसंवाद सरांच्या यादीत दूरध्वनी क्रमांक जरूर घ्यावेत. आपल्याकडे दहाही अंक एका दमात आणि एका वजनात सांगितले जातात आणि ग्राहक मध्येच थांबवतो. तीन, तीन आणि चार असे गट पाडून प्रत्येक गटाच्या शेवटच्या अंकावर जोर दिला आणि मध्ये एक रिकामी मात्रा सोडली, तर क्रमांक बहुधा पुन्हा सांगावा लागत नाही.

वैनगंगा

'च'ची कल्पना फार आवडली. माझ्या आक्षेपाचे बरेचसे निरसन झाले आहे. एकच शंका उरते: एका वर्गात साठ मुले असतील आणि शेजारच्या वर्गाला त्रास होऊ द्यायचा नसेल, तर टाळ्यांचा हा सराव कसा घ्यावा? आणि प्रगती झाली की नाही, हे कशावरून ठरवावे?

लयसंवाद (नागपूर)

टाळीऐवजी एका बोटाने तळहातावर ताल धरावा. साठ मुलांचा आवाजही खोलीबाहेर जात नाही. रांगा आलटून पालटून बोलतील आणि बाकीच्या ताल धरतील, अशी विभागणी करावी. रोज दहा मिनिटे पुरेत, मात्र ओळी मुलांच्या आयुष्यातल्या असाव्यात: 'द बस फ्रम काटोल इज लेट', 'माय सिस्टर वर्क्स इन अ बँक'.

प्रगती तपासण्यासाठी तालाची परीक्षा घेऊ नये. विद्यार्थ्याने 'कॅन' आणि 'कॅन्ट' असलेली वाक्ये मोबाइलवर उलटसुलट क्रमाने बोलून ठेवावीत आणि ती वर्गात नसलेल्या, इंग्रजी सहज समजणाऱ्या एखाद्या व्यक्तीला ऐकवावीत. तिने प्रत्येक वाक्यापुढे होकार की नकार एवढेच लिहायचे. तिचा कागद आणि विद्यार्थ्याचा कागद जुळला, तर त्या वाक्यांपुरता ठेका सोडून द्यावा आणि पुढची वाक्ये घ्यावीत. ठेका सरांनी दिलेले आमंत्रण मी आनंदाने स्वीकारतो. पुढच्या आठवड्यात तिहाईचा सराव घेऊन त्यात वापरलेल्या ओळी याच धाग्यावर देईन.